चार जीबीची जुनी रॅम

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला आहे. कॅबिनेटपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं माझ्या हातचं. तीस वर्षं वायरमनचं काम केलं, असल्या डब्यांना मी भीक घालत नाही. त्याला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

बायको त्याच्यावर अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. इतिहासाचं पुस्तक शुक्रवारी शाळेत पोचायला हवं होतं, मुलांची परीक्षा तोंडावर आली होती. शेवटचा धडा राहिला तेव्हा ती म्हणाली, "हे झालं की थांबते मी. आवाज साथ देत नाही आता. एकेक धडा चार-चारदा वाचावा लागतो."

मला फार वाईट वाटलं. सहा वर्षं बंद दाराआडून येणारा तो आवाज ऐकत मी दुपारचा पेपर वाचतोय. निदान मशीन तरी चपळ करून द्यावं, म्हणजे तिचं मन बदलेल, असं वाटून मी रॅम वाढवायचं ठरवलं आणि लेकीला फोन लावला.

"बाबा, आठ-आठ जीबीच्या दोन सारख्या घ्या," ती म्हणाली. "सोळाची एकटी नको, जोडीनं काम भरभर होतं. बत्तीस तर आईला लागणारच नाही. मधे एक खाच सोडून बसवा. आणि जुनी चारची काढून टाका."

"चालतेय ती काढायची कशाला? आठ, आठ नि चार, वीस झाले की!"

"तिचा वेग वेगळा आहे. नव्यांशी तिचं जमायचं नाही."

मी हो-हो म्हटलं, दोन नव्या आणून रिकाम्या खाचांत बसवल्या आणि जुनी तशीच ठेवली. चालू वस्तूला हात लावायचा नाही, ही आमच्या धंद्यातली सवय.

शुक्रवारी सकाळी बायको वाचायला बसली. दहा मिनिटांत आवाज थांबला. मग पुन्हा धड्याचं पहिलं वाक्य. पुन्हा थांबला. मी दार ढकललं, तर स्क्रीन गोठलेली. बाईसाहेब शांतपणे पाणी पिऊन मशीन परत चालू करत होत्या.

"कधीपासून होतंय हे?"

"झालं असेल वर्ष."

"आणि तुझा आवाज?"

"आवाजाला काय धाड भरलीये! तुम्ही एवढ्या हौसेनं जोडलेला. बंद पडतो म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

वर्षभर ही बाई माझ्या रागाला जपत धडे पुन्हा पुन्हा वाचत होती आणि दोष स्वतःच्या गळ्याला देत होती. मला स्वतःची लाज वाटली. स्क्रूड्रायव्हर आणला, वर्षभर दगा देणारी ती जुनी रॅम काढली, दोन्ही नव्या लेकीनं सांगितल्या तशा बसवल्या.

ती वाचायला लागली. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. अकरा पानं झाली, धडा संपला, मशीन एकदाही अडलं नाही.

"भूगोलाचं पुस्तक विचारत होते शाळेतले," ती चष्मा पुसत म्हणाली. "घेऊ?"

"घे. पण हा बंद पडला की मला हाक मारायची."

"आणि तुम्हाला राग आला तर?"

"येऊ दे. तू हाक मार."