शेजारणीची जीभ

बहीगानं बदकाला पंखांखाली धरून उचललं, हातात तोललं, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि परत टोपलीखाली सोडून दिलं.

"नको," ती म्हणाली. "या नाताळला फत्ता करू. गोमांस उकडायचं, भाकरीवर रस्सा ओतायचा, वर भात आणि लसूण-शिरक्याची फोडणी. चार माणसांना काय कमी आहे?"

गच्चीच्या कठड्यावर उन्हात भाकरीचे उंडे फुगत होते. त्यांच्यावरच्या माश्या वारायचं काम वहबाकडे होतं. बायकोचं बोलणं ऐकून त्याचा हात हवेतच थांबला.

"ईस्टरलाही फत्ताच होता," तो म्हणाला.

"मग सवय झालीच असेल."

फिब्रोनिया नुकतीच असयूतहून सून होऊन गिर्ग्याला आली होती. या घरातला तिचा हा पहिला नाताळ. नाताळचा उपास चालू झाल्यापासून रोज मसूर आणि वाटाणे गिळताना ती एकाच गोष्टीवर तग धरून होती, आणि ती गोष्ट आत्ता टोपलीखाली पंख फडफडवत होती. बहीगाचं बदक. पोटात हिरव्या भाजक्या गव्हाचं सारण, तुपात परतलेलं काळीज, वरून शिवलेलं. तिला ते नुसतं खायचं नव्हतं, शिकायचं होतं.

"सूनबाई, तुला फसवलंय," वहबा म्हणाला. "लग्नाआधी सांगितलं असेल ना आमच्या पोरानं, घरी बदक मिळतं म्हणून?"

"सांगितलं होतं, बाबा. नाहीतर करासमध्ये पाहण्यासारखं दुसरं काय होतं?"

वहबा खूश झाला. आपल्या तोडीचं माणूस घरात आलं की त्याला बोलायला जोर यायचा.

"एका वर्षी या बदकाचा वास नदीपार गेला," तो म्हणाला. "पलीकडून लोक होडीत बसून निघाले. पण होडी मधेच गोल गोल फिरायला लागली. का, तर होडीवाला केव्हाच पाण्यात उडी टाकून वासाच्या रोखानं पोहत सुटला होता. आपल्याच दारात येऊन ओलाचिंब उभा. विचार हिला."

"आणि गेल्या वर्षीचं?" बहीगानं विचारलं. "तेही सांगा."

वहबानं माशी हाकलली. "गेल्या वर्षी जरा खारट झालं. मी एवढं पाणी प्यालो की सकाळी नदीची पातळी उतरली होती. होतं असं. वयाप्रमाणे हात जड होतो माणसाचा."

पदराला हात पुसून बहीगा खाटकाकडे निघाली.

जिन्यावरचा तिच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत दोघं कान देऊन राहिली. मग फिब्रोनियानं सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यानं टोपलीकडे पाहिलं.

"मी म्हातारा माणूस," वहबा उठत म्हणाला. "मला सुनेपुढे बोलता येत नाही."

बहीगा मांस घेऊन परतली तेव्हा बदक कापून, पिसं काढून, धुऊन परातीत पडलं होतं आणि स्वयंपाकघरात तुपाचा वास कोंडला होता. इतक्या आठवड्यांनी घरात तूप तापलं होतं. त्या वासानं गल्लीतल्या मांजरांनी आपसातली भांडणं मिटवली, असं वहबा पुढे बरेच दिवस सांगत असे.

पण बहीगा दारातच थबकली ती वासामुळे नाही. चुलीपाशी उम्म सालेह उभी होती.

उम्म सालेह खालच्या मजल्यावरची. उपासात घरातल्या कुणालाच मांसाचं काही चाखता यायचं नाही, आणि रात्रीच्या प्रार्थनेहून आल्याबरोबर जेवायला बसायचं असल्यामुळे सगळं आधीच शिजवून ठेवावं लागायचं. म्हणून करास पोटात होता तेव्हापासून मीठ बघायला उम्म सालेह वर यायची. रमजानमध्ये तिचे रोजे असले की बहीगा खाली जायची. दोन्ही घरांची चव अशी एकमेकींच्या जिभेवर चालत आली होती. फिब्रोनियाला हे माहीत होतं म्हणूनच तिनं जिन्यातून हाक मारली होती.

"ये, बहीगा," उम्म सालेह म्हणाली. "तुझी सून मला विसरली नाही. तू मात्र फत्ता करणार होतीस म्हणे."

फिब्रोनिया सासूची नजर चुकवून पळीत सारण घेत होती. "खाला, मीठ किती घालायचं ते सांगा."

उम्म सालेहनं फुंकर मारून घास तोंडात टाकला. सावकाश चावला. तिचे डोळे कढईवर नव्हते, फिब्रोनियाच्या चेहऱ्यावर होते.

"घालायचं काय राहिलंय? अगदी बरोबर झालंय," ती म्हणाली. "हात चांगला आहे गं तुझा."

फिब्रोनियानं मिठाच्या बरणीकडे पाहिलं. बरणीचं झाकण अजून घट्ट बंद होतं.

तिनं वळून सासूकडे पाहिलं. बहीगा दारातच उभी होती, मांसाची पुडी छातीशी धरून. ती रागावलेली नव्हती. सुनेकडे बघत तिनं मान अगदी थोडी हलवली. एवढंच.

तूप कढईत तडतडत राहिलं.

"अजून मिरी आणि तळलेला कांदा पडायचाय, खाला," फिब्रोनिया म्हणाली. आवाज तिनं नेहमीसारखाच ठेवला. "त्यानं चव बदलेल. पुन्हा चाखाल ना?"

"चाखीन की. मला दुसरं काय काम आहे?"

कांदा पडला, मिरी पडली. मग फिब्रोनियानं बरणी उघडली. मीठ तळहातावर घेतलं, आईच्या घरी घ्यायची तसं, वजनाचा अंदाज घेत, आणि सगळीकडे सारखं भुरभुरलं. ढवळून पळी पुढे केली.

उम्म सालेहनं घास घेतला. पुन्हा तेच, डोळे सुनेच्या तोंडावर. मग तिनं बहीगाकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

"आता कमी पडलं," ती म्हणाली. "अजून एक चिमूट."

बहीगानं पुडी ओट्यावर ठेवली. गेल्या वर्षी ही चिमूट तीनदा पडली होती, आणि तिन्ही वेळा तिनंच ती टाकली होती.

फिब्रोनियाची बोटं बरणीत गेली. मिटलेली बाहेर आली. कढईवर ती बोटं तिनं एकमेकांवर नीट चोळली, दोनदा, शेवटचा कण झटकावा तशी. त्यांतून काहीच पडलं नाही. मग तिनं मनापासून ढवळलं.

"हं," तिसऱ्या घासाला उम्म सालेह म्हणाली. "आता कसं."

जाताना जिन्यापाशी तिनं फिब्रोनियाचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज निम्म्या गल्लीला ऐकू जाई.

"पोरी, रमजानला चाखायला तूच येत जा. बहीगाला वाईट वाटू देऊ नकोस, पण तिची जीभ आता गेली. गेल्या वर्षी मी माझं सूप चाखायला दिलं, तर दोन ओंजळी पाणी ओतायला लावलं मला."

"येईन, खाला."

स्वयंपाकघरात बहीगा मांस पातेल्यात ठेवत होती. हे उद्याला होईल, असं स्वतःशीच पुटपुटत.

"कधीपासून?" फिब्रोनियानं विचारलं.

"गेल्या थंडीत ताप आला होता तिला. नाकही गेलं आणि जीभही. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही." बहीगानं पातेल्यावर झाकण ठेवलं. "फत्त्याचं बरं असतं. ताटात ज्यानं त्यानं वरून मीठ घ्यावं. शिवलेल्या बदकात काय करणार?"

"आणि लोक म्हणतात, तुमचा हात जड झाला."

"म्हणोत. मला पन्नास गोष्टी येतात. तिला वर बोलावण्यासारखी मात्र ही मीठ चाखण्याची एकच होती." मग सुनेच्या बोटांकडे पाहत ती म्हणाली, "हे रिकाम्या चिमटीचं मला सुचलं नाही. वर्षभर विचार केला."

फिब्रोनियानं बोटं झग्याला पुसली. त्यांना पुसण्यासारखं काही नव्हतं.

गच्चीवरून वहबा खाली आला, भाकरीच्या पिठानं पांढरा झालेला. त्यानं कढईत पाहिलं, परातीत पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला.

"मग काय ठरलं?"

"बदक," बहीगा म्हणाली.

"आणि मीठ कुणी पाहिलं?"

"उम्म सालेह खालानं," फिब्रोनिया म्हणाली. "बाजूला मी होते, आई होत्या."

वहबानं बायकोकडे असं पाहिलं, जसं लोक आजारी माणसाकडे प्रेमानं पाहतात. मग त्यानं कोपऱ्यातले दोन्ही माठ उचलले.

"पाणी भरून ठेवतो."

"ठेवा भरून," बहीगा म्हणाली, आणि दोरा ओवलेली सुई सुनेच्या हातात दिली.