उनाच्या नावापुढचे दोन

गुरुवारी सकाळी सात वाजता ग्लेन फारा गावच्या सभागृहाचं दार उघडलं आणि माझा दिवस सुरू झाला. मी पेन्सिल. मतदानाच्या आडोशात दोरीला बांधलेली, बोटभर उरलेली. दोरी कशाला, तर कुणी मला खिशात घालून नेऊ नये म्हणून.

नवी होते तेव्हा लांब होते, अंगाला लाकडाचा वास होता. दर निवडणुकीला तासून तासून अशी झाले. मधली वर्षं एफीमावशीच्या बिस्किटांच्या डब्यात काढते. एफीमावशी सभागृह झाडते, चहा करते, आणि गावातलं सगळं तिला आधी कळतं.

या खेपेला गावातली शाळा बंद करायचं कौन्सिलच्या मनात होतं. मुलं कमी, म्हणून. मग एवढ्याएवढ्या पोरांना बसने घाटापलीकडे धाडायचं. हिवाळ्यात त्या घाटात मेंढ्यासुद्धा जात नाहीत. उना गिलंडर्सचं एक कडेवर, एक शाळेत. तिला झोप लागेना. शेवटी शाळेसाठी तीच उभी राहिली.

आमच्याकडे फुली मारत नाहीत. आवडीप्रमाणे नावांपुढे एक, दोन, तीन असं लिहायचं. कौन्सिलवर आमच्या भागाच्या जागा तीन, उभे पाच.

माणसं यायची, चष्मा शोधायची, ओल्या कोटाचं पाणी माझ्यावर सांडायची. बाहेर पायरीवरचं बोलणं मला ऐकू यायचं.

"उनालाच ना?"

"तर काय. तिला सगळेच देणार, ती येतेच. मी एक नंबर आर्चीला दिला. म्हातारा माणूस, वाईट वाटायला नको."

"मी मेव्हण्याला. नाहीतर नाताळात जेवायला बोलवायचा नाही."

"सुटलास की मग. टर्की करपवतो तो."

खरं सांगते, दिवसभर उनाच्या नावापुढे मी दोनच काढत होते. दोन, दोन, परत दोन. या गावाची रीतच तशी. बशीत शेवटचा केक उरला तर तो वाळून जाईल, पण त्याला कुणी हात लावणार नाही.

शुक्रवारी मोजणी दूर शहरात. उनाच्या बाळाला ताप, म्हणून ती गेली नाही. बाळाला खांद्यावर घेऊन एफीमावशीला टेबलं आवरू लागत होती. आर्ची मॅकस्पोरन, मेंढ्यावाला आणि कौन्सिलवरचा आमचा जुना सभासद, रेडिओ कानाशी धरून बसला होता.

पहिल्या फेरीत निवडून येण्याइतकी मतं कुणालाच नव्हती. मग ज्याचे 'एक' सगळ्यांत कमी, तो बाहेर. ती उना निघाली, तेही तीन-चार मतांनी. पुढे आर्ची निवडून आला, तो टर्कीवाला मेव्हणाही आला, पण दोन मोजायची पाळी येण्याआधीच उना बाहेर पडली, म्हणून तिच्या नावापुढचे ते सगळे दोन वाया गेले.

एफीमावशी किटली धरून उभीच राहिली. "अगं, पण मी दिलं ना तुला. दोन दिलं."

"मीपण," उना म्हणाली.

"काय मीपण?"

"मीपण मला दोनच दिलं, मावशी. एक आर्चीकाकांना. पहिलं आपल्यालाच कसं वाढून घ्यायचं, असं वाटलं."

आर्चीने रेडिओ बंद केला. "पोरी, मला यायचंच नव्हतं. गुडघे गेले माझे. यंदा राहू दे असं कुणी म्हणेना, म्हणून उभा राहिलो."

"मग तोंडाने बोलायचं होतं, काका."

"तू बोललीस?"

उनाला हसू आलं, आणि त्यातच रडू आलं. बाळाच्या कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, "बर्फात बस अडकली तर ही पोरं कुणाला हाक मारतील?"

आर्चीने टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "मी राजीनामा देतो. जागा रिकामी झाली की परत मतदान लागतं. शाळेचं काय करायचं ते ठरवणारी कौन्सिलची बैठक त्यानंतर आहे."

"आणि परत सगळ्यांनी दोनच लिहिलं तर?" एफीमावशी म्हणाली.



मी परत डब्यात आहे, पण या वेळी मावशीने माझी दोरी सोडली नाही. अजून एका मतदानापुरतं शिसं माझ्यात आहे. भीड केकाच्या बशीपुरती ठेवा, आणि जे माणूस हवं त्याच्याच नावापुढे एक लिहा. मला दोरी आहे, लांब जाता येत नाही. वरच्या शेतांवर, पुलापलीकडच्या घरांत, एवढं तुम्ही सांगा.