बोलाचा मान

इंगळ्यांच्या भावकीत शहाण्यांना तोटा नव्हता. तोटा होता तो ऐकणाऱ्याचा. भावकीचा निवाडा करणारे खंडोजी नाईक गेले आणि गादी रिकामी पडली, तेव्हापासून वाटणीवरून वाजलं की वकील, सोयरीक मोडली की फोन बंद. मराठ्यांच्या फौजेबरोबर कैक पिढ्यांमागं बेंगळुरात येऊन रुजलेली माणसं, आणि आता एका लग्नात दोन कोपऱ्यांत जेवायची. शेवटी पंच बसले आणि ठरलं, जुनी रीत परत आणायची, नाईक बसवायचा. नाव निघालं रणजीतचं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा लेथचा कारखाना. हात सढळ, शब्दाचा पक्का, आणि राग असा की त्याच्या मशिनीसुद्धा दबून चालतात म्हणे.

सोयराबाईला हे नाव आवडलं. ती खंडोजींची बायको, साऱ्या भावकीची अक्का. रणजीत तिच्या धाकट्या जावेचा थोरला, पण वाढला अक्काच्या मांडीवर. त्यानं गादीवर बसावं आणि ते आपण डोळ्यांनी बघावं, एवढंच आता तिला देवाकडं मागायचं होतं.

रणजीतचा चुलतभाऊ, पंचांचा कारभार बघणारा पद्माकर कार्यक्रम सांगायला आला. दिवा, आरती, पागोटं, जेवण.

"आणि बोलाचा मान?" अक्कानं विचारलं.

पद्माकर चहात बघायला लागला. इंगळ्यांची रीत अशी, की पागोटं बांधायच्या आधी भावकीतल्या थोरल्या बाईनं होणाऱ्या नाईकाचे दोष सगळ्यांदेखत त्याला सांगायचे. त्यानं मान खाली घालून दर वेळी 'खरं' म्हणायचं. चिडला, उठून गेला, तर पागोटं पेटीत परत. ज्याला घरच्या बाईचं ऐकवत नाही, तो भावकीचं काय ऐकणार?

"अक्का, व्हिडिओ निघणार आहे. लोक हसतील. स्वल्प सांभाळून घ्या की."

"मग जेवण पण काढून टाक. तू जेवताना कसा दिसतोस ते बघितलंय मी. लोक त्याला जास्त हसतील."

"तसं नाही. रणजीतण्णा चिडले तर?"

"रीत आणायची तर सगळी आणा. देवाचा मुखवटा आणायचा आणि देव घरी ठेवायचा, हे मला जमायचं नाही," एवढं म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. पण नंतर भाजी निवडताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

कारण रणजीतचा खरा दोष एकच, आणि तो सगळ्यांना माहीत होता. त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाला धाकटा भाऊ विराट मारतहळ्ळीहून निघाला आणि रिंग रोडवर अडकला. पोचला तोवर पंगत उठली होती. रणजीतनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. हे बोलावं, तर पोरगं उठून जाईल, गादीही जाईल. न बोलावं, तर बोलाचा मान म्हणजे नुसतं नाटक.

चिकपेटच्या मागल्या गल्लीतल्या भवानीच्या देवळात भावकी जमली. विराटही आला होता, बायकोला, भव्याला घेऊन. बसला मात्र चपलांजवळ, हाकललं की निघायला सोपं.

रणजीत पाटावर बसला. अक्का समोर उभी राहिली.

"तुझं घोरणं शेजारच्या गल्लीत ऐकू जातं."

"खरं," रणजीत म्हणाला. बायका हसल्या.

"बायकोनं केलेल्या सांबाराला नावं ठेवतोस आणि तिसऱ्यांदा वाढून घेतोस."

"खरं."

"सल्ला मागतोस आणि मग स्वतःचंच करतोस."

"खरं, अक्का." तोही हसत होता. म्हातारे कल्लाप्पा, पंचांतले वडीलधारे, पागोट्याच्या कापडाकडं हात न्यायला लागले. पद्माकरनं सुटकेचा श्वास सोडला.

अक्का इथंच थांबली असती, तर कुणी तिला बोल लावला नसता.

"आईच्या श्राद्धाला आलेल्या सख्ख्या भावाला तू दारातनं घालवलंस," ती म्हणाली. "त्यानं आईच्या नावाचा घासही खाल्ला नाही."

हसू थांबलं. रणजीतची मान वर आली, कानशिलं लाल झाली.

"अक्का, सरी, झालं, आता पुरे," पद्माकर कुजबुजला.

"तू गप."

रणजीत उठला. गेलं पोरगं, अक्काला वाटलं. आपल्या जिभेनं घालवलं.

पण तो दाराकडं वळला नाही. "हे सगळं खरं नाही," तो म्हणाला. "उशीर त्यानं केला होता. पानं उठली होती, कावळा शिवून गेला होता. मी किती वाट बघितली ते कुणी विचारलं नाही." त्याचा आवाज फुटला. "पण दार मी लावलं. ते खरं."

आणि तो परत पाटावर बसला.

'खरं' म्हणून झालं होतं. मग कल्लाप्पांनी पागोट्याचं कापड सोडलं. लांबच लांब ते, एका माणसाला पेलायचं नाही. दुसरं टोक ताणून धरायचा मान भावाचा. तो पुढं येत नसेल तर चुलतभाऊ, म्हणून पद्माकर पुढं झाला.

"पद्माकर, सोड ते," रणजीत म्हणाला, पण मागं वळून बघितलं नाही. "ज्याचं आहे त्याला दे."

विराट उठेना. भव्यानं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं तो माणसं ओलांडत आला आणि टोक हातात घेतलं.

"आज वेळेवर आलोय, अण्णा," तो म्हणाला. "पहाटेच निघालो होतो."

"बघितलं मी. तू येऊन बसलास तेव्हाच."

कल्लाप्पांनी पहिला वेढा घातला. कापड मध्येच झोळ खायला लागलं, कारण विराटचं लक्ष अण्णाच्या तोंडाकडं होतं.

"ताठ धर," अक्का म्हणाली. "ढिलं पडलं तर तुझेही दोष सांगायला मला सवड आहे."