हिरवं शून्य

"तुझ्या चाळणीनं माणूस पाडला," हे तिला जिन्यातच कळलं.

सांगत होत्या तक्रार विभागाच्या काकू. कंपनी घडीच्या व्हीलचेअर बनवायची, आणि त्यांच्याबद्दल गिऱ्हाइकांची जी काही ओरड मेलवर यायची ती काकूंच्या खोलीत. काकू तिथे इतकी वर्षं होत्या की त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना काकूच म्हणायची.

"कुठला माणूस, काकू?"

"एका बाईचे वडील. उतारावर ब्रेक लागला नाही. खुर्ची गेली गडगडत, म्हाताऱ्याचा खुबा मोडला. ती म्हणते, ब्रेक धरत नाही म्हणून मी आधीपासून लिहीत होते, एकानंही उत्तर दिलं नाही. साहेब म्हणाले, स्पॅममध्ये गेलं असेल. म्हणजे आलं तुझ्या गळ्यात."

स्पॅम अडवणारं सॉफ्टवेअर तिनं बसवलं तेव्हापासून तिचं नाव चाळणी पडलं होतं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि ते तिथेच बरं होतं.

अडवलेलं: चाळणीला हात नसतात, काकू. चाळणी कुणाला ढकलत नाही.
कारण: काकू वयानं मोठ्या. जिन्यात माणसं.

(अशी वाक्यं दिवसभरात तिच्या घशाशी बरीच येत. प्रत्येकाचंच एक फिल्टर असतं. तिचं जरा कडक होतं.)

*

फिल्टर कसं चालतं हे बसवताना साहेबांनी विचारलं नव्हतं. 'किती वेळ लागेल' एवढंच विचारलं होतं. तसं ते सोपं असतं. आलेल्या प्रत्येक मेलला गुण मिळतात. शाळेत जास्त गुण मिळाले तर पेढे, इथे जास्त मिळाले तर दाराबाहेर. पाचाच्या वर गेला की मेल अडतो. आणि सॉफ्टवेअर शिकतं. तुम्ही ज्या मेलवर 'कचरा' दाबता त्यातले शब्द ते ध्यानात ठेवतं. ज्या मेलला तुम्ही उत्तर देता तो पाठवणारा आपला माणूस, त्याला पुढच्या वेळी अडवायचं नाही. घरातलं लहान पोर जसं कोण आलं की आई हसते आणि कोण आलं की दार लावते एवढं बघून पाहुणे ओळखायला शिकतं, तसंच.

तिनं अडवलेल्या मेलांमध्ये त्या म्हाताऱ्याच्या मुलीचा मेल शोधला. लगेच सापडला. एक नव्हता, ओळीनं होते. शेवटच्यावर टिचकी मारून तिनं सॉफ्टवेअरला विचारलं, का अडवलास?

वडील : १.४
ब्रेक : १.८
उतार : १.६
पुन्हा : २.१
कृपया : ०.९
निकाल : कचरा

ती बघत राहिली. मग तिनं 'लॉटरी' या शब्दाचे गुण काढून पाहिले. शून्य पूर्णांक दोन. म्हणजे या यंत्राच्या मते लॉटरी लागल्याची बातमी खरी असू शकत होती, वडील असणं मात्र संशयास्पद.

बिघाडच असणार, असं तिला वाटलं. वाटावं अशीही इच्छा होती. नियमांची यादी जुनी झाली असेल म्हणून ताजी करून घेतली. सर्व्हर बंद करून चालू केला. कुठे अक्षरांची सरमिसळ झाली का बघितलं. काही नाही. शेवटी बाजूच्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर कोरं, काही न शिकलेलं, नव्यानं बसवलं आणि मुलीचा मेल त्याला दाखवला. त्यानं एकही गुण न लावता तो आत सोडला.

जन्मतः ते पोर चांगलं होतं. या घरात येऊन बिघडलं होतं.

*

काकूंच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता, सगळे त्याला बोर्ड म्हणत. त्यावर एकच ओळ: उत्तर न दिलेल्या तक्रारी. पुढे हिरवंगार शून्य. आठवड्याच्या शेवटी साहेब येऊन त्या शून्याकडे, गोठ्यातल्या गाभण गाईकडे बघावं तसं कौतुकानं बघत आणि सगळ्यांना कॉफी पाजत.

ती काकूंच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "तुम्ही करा तुमचं काम, मी नुसती बघते."

"बघ की. आमच्याकडे काय लपवाछपवी?"

पहिला मेल: गादीचं कापड उसवलंय. काकूंनी उत्तर दिलं, नवं कव्हर पाठवतो. दुसरा: आपण भाग्यवान विजेते आहात. काकूंनी त्यालाही उत्तर दिलं. 'आपल्या मेलबद्दल आभारी आहोत.'

"काकू, हा भामटा आहे."

"असू दे की. उत्तर दिलं की बोर्डावरची एक तक्रार कमी होते. भामटा असला तरी बिचारा उलटून भांडत नाही."

तिसरा मेल कसा कोण जाणे चाळणीतून निसटून आला होता. पुढच्या चाकाचा ब्रेक सैल आहे. काकूंनी तो पूर्ण वाचला, 'अरेरे' म्हणाल्या, आणि 'कचरा' दाबलं.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"आता 'अरेरे' म्हणालात आणि कचऱ्यात टाकलात."

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग काय करू? ब्रेकवर आपल्याकडे उत्तर नाही. वर्कशॉप म्हणतं, नवा पार्ट येईपर्यंत कबूल काही करू नका. तसाच ठेवला तर बोर्ड लाल. डिलीट केला तरी बोर्ड मोजतो, उत्तर न देता पुसला म्हणून. कचरा म्हटलं तरच मोजत नाही. माझ्या हाताखालच्या पोरींनीच शोधून काढलं, हुशार आहेत. या खोलीत सगळे तसंच करतात."

"साहेबांना माहीत आहे?"

"साहेबांना शून्य माहीत आहे." काकूंनी पुढचा मेल उघडला. "आणि हल्ली तेही करावं लागत नाही गं. ब्रेकचे मेल येणंच बंद झालंय. आम्हाला वाटलं, लोकांना सवय झाली."

अडवलेलं: सवय. उताराची सवय. खुबा मोडण्याची सवय.
कारण: काकूंचा चेहरा. त्यांना आत्ता कळत होतं.

*

तिनं साहेबांना सविस्तर मेल लिहिला. काय झालं, कसं झालं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: अशा खुर्च्या अजून लोकांच्या घरी आहेत, त्यांना आजच कळवायला हवं. दुपारपर्यंत उत्तर नाही, म्हणून ती केबिनमध्ये गेली.

"कुठला मेल?" साहेब म्हणाले. "मला काही आलेला नाही."

तिनं परत जाऊन बघितलं. ब्रेक, उतार, वडील, पुन्हा. तिचा स्वतःचा मेल अडवलेल्यांत सगळ्यात वर बसला होता, घसघशीत गुण मिळवून.

मग तिनं तोंडी सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेणं त्यांना छान जमायचं.

"हे बघा, ती मुलगी थोड्या वेळात येतेय. तिच्यासमोर तुम्ही एवढंच म्हणायचं, फिल्टरमध्ये तांत्रिक बिघाड होता, दूर केला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, चालायचंच. काकूंचं नाव नको, वर्कशॉपचं नको. सॉफ्टवेअरवर ढकललं तर कुणाची नोकरी जात नाही."

अडवलेलं: इथे सुकं शाबूत आहे, साहेब. भामट्यांना आभाराचे मेल जाताहेत. ओलं तेवढं वेचून जाळलं आपण.
अडवलेलं: बिघाड नव्हता. तुम्हाला जे हवं होतं तेच ते शिकलं.
कारण: केबिन. पगार. सवय.

"बरं," ती म्हणाली. आणि स्वतःचा इतका राग आला की बाहेर येऊन तिनं पाण्याच्या नळाची तोटी विनाकारण दोनदा उघडली, दोनदा घट्ट बंद केली.

*

मुलगी साधारण तिच्याच वयाची. हॉस्पिटलमधून थेट आली असावी, मनगटावर पाहुण्यांना बांधतात ती कागदी पट्टी तशीच. काचेच्या खोलीत चौघं बसली: मुलगी, साहेब, काकू आणि चाळणी लॅपटॉप घेऊन. काचेपलीकडे भिंतीवरचं शून्य दिसत होतं.

साहेबांनी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं. "आमच्या फिल्टरनं तुमचे मेल कचरा समजून अडवले. या मॅडमनी तो बिघाड काढलाय."

मुलगी चाळणीकडे वळली. "माझा मेल कचरा वाटण्यासारखा होता का हो? मी नीट लिहिला होता. 'कृपया'सुद्धा घातलं होतं."

कृपया : ०.९.



"बरं, माझं जाऊ दे," मुलगी म्हणाली. "मला एवढंच सांगा. ब्रेकबद्दल आणखी कुणी लिहिलंय का? बाबांच्या वॉर्डात एक आजी आहेत, त्यांची खुर्ची अगदी अशीच आहे."

"नाही नाही," साहेब म्हणाले. "तुमची पहिलीच." आणि त्यांनी काचेतून बोर्डाकडे हात केला, साक्षीदार बोलवावा तसा.

चाळणीनं लॅपटॉप उघडला. अडवलेले. सगळे निवडा. सोडा.

सॉफ्टवेअरनं विचारलं: हा कचरा नाही, खात्री आहे?

हो.

बाहेर काकूंच्या हाताखालच्या पोरींच्या संगणकांवर टिंग वाजलं. मग टिंगटिंग. मग ते थांबेच ना. भिंतीवरचं शून्य एक झालं, लाल झालं, आणि पळायला लागलं. त्या पोरी एकेक करून उभ्या राहिल्या आणि वर बघू लागल्या.

"बंद करा ते," साहेब म्हणाले.

सोडलेलं: "बंदच होतं, साहेब, इतके दिवस."
सोडलेलं: "फिल्टर बिघडलं नव्हतं. आपल्याकडे ब्रेकवर उत्तर नव्हतं आणि तुम्हाला शून्य हवं होतं. ते दोन्ही शिकलं, अगदी आज्ञाधारकपणे."
सोडलेलं: "तुमची तक्रार पहिली नाही, ताई. पहिली कुणाची ते मी शोधून देते. बसा."

ती हे सगळं हळू आवाजातच बोलली. ओरडायची गरज नव्हती, टिंगटिंग चालूच होतं.

साहेब म्हणाले, या बाबतीत आपण दोघं नंतर बोलू. चाळणी म्हणाली, बोलू. नंतर काय असेल ते तिला साधारण ठाऊक होतं.

काकू मात्र उठल्या होत्या. काचेचं दार ढकलून त्या आपल्या जागेवर गेल्या, चष्मा नाकावर घेतला, पहिला मेल उघडला आणि उत्तर लिहायला लागल्या. साहेब त्यांच्यामागे आले.

"काकू, काय लिहिताय? वर्कशॉपला विचारलंत?"

"नाही." काकूंनी मान वर केली नाही. "चाळणी, इकडे ये गं. 'खुर्चीचा ब्रेक खराब आहे, उतारावर नेऊ नका, आम्ही न्यायला येतो.' बरोबर आहे ना? हे अडणार नाही ना कुठे?"

"नाही अडणार," चाळणी म्हणाली. "पाठवा."

काकूंनी पाठवला. बोर्डावरचा लाल आकडा एकानं उतरला. मुलगी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "पुढचा बाबांच्या वॉर्डातल्या आजींचा आहे का बघा."