पिणाऱ्याचा रकाना

दुकानात सात रॅक होते. प्रत्येकाला सहा फळ्या आणि प्रत्येक फळीवर अकरा प्रकारच्या बाटल्या. तीन जागा रिकाम्या होत्या, म्हणजे एकूण चारशे एकोणसाठ प्रकार. त्यांतला मला एकच घ्यायचा होता, आणि त्या दिवसापर्यंत मी वाइनचा एक घोटही घेतलेला नव्हता.

वाइन आईसाठी हवी होती. दवाखान्याच्या धुलाईघरात चौतीस वर्षं काढून ती निवृत्त झाली होती. रविवारी दुपारी घरी जेवण होतं: मी, आई, ताई, भाऊजी आणि धुलाईघरातल्या तिच्या दोन मैत्रिणी. "सगळ्यांसारखा एक ग्लास मीपण घेईन म्हणते," असं ती भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली होती.

न बघण्याला कारण होतं. ताईच्या लग्नानंतर भाऊजींनी एकदा आईला वाइन दिली होती आणि पहिलाच घोट तिने रुमालात थुंकला होता. तो किस्सा भाऊजी आल्यागेल्याला नकलेसकट सांगतात. माझ्यासमोरच नऊ वेळा सांगून झालाय. दर वेळी आई हसते आणि काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. मैत्रिणींसमोर पुन्हा तसं झालं असतं, तर तिने ग्लासाला जन्मात परत हात लावला नसता.

म्हणून मी तयारीनिशी गेले. तीन आठवडे वाचून एक तक्ता केला होता. द्राक्षाची जात, वर्ष, मद्यार्काचं प्रमाण, आम्लता असे चौदा रकाने. आईला आंबट सोसत नाही, हे सगळ्याचं गृहीतक. त्यावरून उत्तर निघालं होतं: पांढरी, हलकी, गोड.

दुकानातल्या बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढून तक्ता दोन्ही बाजूंनी पाहिला.

"मेहनत भारी आहे," त्या म्हणाल्या. "पण यात पिणाऱ्याचा रकाना कुठाय?"

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. जेवायला काय आहे? भाजलेलं मटण आणि बटाटे. आई चहा कसा घेते? काळा, बिनसाखरेचा आणि इतका उकळलेला, की पाहुणे दुसऱ्यांदा मागत नाहीत. आणि तिने थुंकली ती वाइन कशी होती?

नऊ वेळा ऐकलेल्या किश्श्यात ही माहितीच नव्हती. ती आंबट असणार, हे मीच ठरवून टाकलं होतं. तिथूनच आईला फोन लावला.

"खोकल्याच्या औषधासारखी गोडमिट्ट होती गं," आई म्हणाली. "पण जावयाला कसं सांगायचं?"

हे ऐकून बाई सरळ तिसऱ्या रॅककडे निघाल्या. जाता जाता त्यांनी समजावलं, की कडक चहाने जीभ कोरडी होते तशी काही लाल वाइननेही होते. ज्याला तो तुरटपणा चहात आवडतो, त्याला बहुतेक वाइनमध्येही आवडतो, आणि मटणाची चरबी त्याची धार कमी करते. लेबलवर 'ड्राय' असेल तर गोडी जवळजवळ नाही. खिडकीतल्या उन्हात उभी असलेली बाटली कितीही देखणी असो, घ्यायची नाही. लाल असली तरी गरमीच्या दिवसांत जेवणाआधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची. हे सगळं मी तक्त्याच्या पाठीवर लिहून घेतलं.

रविवारी भाऊजी स्वतःची बाटली घेऊनच आले. पांढरी, गोड. नवशिक्यांना गोडच लागते, असं सांगून त्यांनी ती माझ्या बाटलीला खेटून ठेवली, माझं लेबल वाचलं आणि मान हलवली. मग मैत्रिणींना किस्सा सुरू केला. ताई डोळ्यांनी दटावत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं. नकलेसाठी त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोवर मी आईचा ग्लास भरला.

आईने घोट घेतला आणि तोंडात धरला. मी नकळत सेकंद मोजत होते. चौथ्याला तिने गिळला. मटणाचा एक तुकडा खाल्ला, दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला आणि ग्लास पुन्हा भरायला माझ्यापुढे सरकवला.

"जावईबापू, रुमाल राहू द्या हातात," ती म्हणाली. "तुमची गोड होती, म्हणून थुंकले मी. आता ही घेऊन बघा."

एक मैत्रीण म्हणाली, चौतीस वर्षांत हिने चादरीवर डाग ठेवला नाही, हा थुंकल्याचा डाग तरी कसा ठेवेल. दुसरीला हसता हसता ठसका लागला. मी भाऊजींनाही थोडी ओतून दिली. त्यांनी घोट घेतला, थोडा विचार केला आणि आपलाही ग्लास पुन्हा भरायला माझ्याकडे सरकवला. रुमालाचा किस्सा पुढे आईनेच पुरा केला, भाऊजींच्या नकलेसकट. त्या दुपारी स्वयंपाकघरात ती एकदाही गेली नाही.

पाहुणे गेल्यावर मी दोन्ही बाटल्या मोजपात्रात ओतून पाहिल्या. भाऊजींची: सातशे पन्नासपैकी सहाशे नव्वद मिलिलिटर शिल्लक. आईची: शून्य.