राखून ठेवलेल्या लिखा

नातीच्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा माझ्या सुनेला, अश्लेषाला, रडू आलं. मला आनंद झाला. उगाच खोटं कशाला बोलू?

भार्गवी तिसरीत गेल्यापासून माझ्याजवळ टिकतच नव्हती. शाळा, नाच, मोबाइल, आणि सुट्टी आली की रामघाटाजवळ आईच्या माहेरी, नानीकडे. माधवनगरातल्या या घरात आजी नावाची बाई राहते, हे तिला जेवायच्या वेळीच आठवायचं. आता मात्र तिला माझ्यापुढे पाट मांडून बसणं भाग होतं. मी कपाटातून बारीक दातांची लाकडी फणी काढली, खोबरेलात कापूर चुरला आणि मांडीवर पांढरा पंचा पसरला. मऊ, गरम डोकं माझ्या गुडघ्यांच्या मध्ये आलं. केवढं बरं वाटलं.

"आजी, किती जूं निघाल्या?"

"जूं नाही, ऊ. एक ऊ, अनेक उवा. त्यांची अंडी म्हणजे लिखा."

"नानी तर जूं म्हणते."

"म्हणू दे. संस्कृतात यूका म्हणतात. तिचीच मराठीत ऊ झाली आणि हिंदीत जूं." जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं, गप्प बसवत नाही.

"म्हणजे दोघी बहिणीच की."

"असतील. पण आपली ती ऊ."

माझ्या विहीणबाई अनसूयाबाई म्हणजे उज्जैनचं जुनं मराठी घराणं. पिढ्यान्‌पिढ्या इथेच, दरबारात नोकरीला असलेल्यांचे वंशज. त्यांचं मराठी ऐकलं की मी मनातल्या मनात लाल शाई काढते. नवरा ऐकत नसला की आपण म्हणतो पालथ्या घड्यावर पाणी. या म्हणणार, "त्यांच्या कानावर जूं पण नाही रेंगत." मी मूळची साताऱ्याची, यजमानांच्या बँकेच्या बदलीमुळे इथे आलेली. माझं मराठी नातीच्या कानावर पडायला हवं, त्यांचं नाही. पण पोर आली की 'नानी अशी आणि नानी तशी'. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी तर भार्गवी मान सोडवून घेत म्हणाली, "नानी काढते ना, तेव्हा मला झोप येते. तू काढतेस तेव्हा डोळ्यांत पाणी येतं."

मी फणी ठेवून दिली. उठून पाणी प्यायले. उवा काढण्यात कसलं आलंय कौशल्य? तिथेही यांचाच पहिला नंबर?

मग मी एक केलं. टाळू साफ केली, भांग साफ केला, पण कानांच्या मागच्या लिखा तशाच राहू दिल्या. लिखा राहिल्या की उवा होणार, उवा झाल्या की पोर पुन्हा माझ्या पाटावर येणार. विहीणबाईंकडून ती आली की आधी मी कानामागे बघायची. तिथे लिखा असायच्याच. मला उकळ्या फुटायच्या. एवढा हलका हात म्हणे, आणि काम हे असं. अश्लेषाला मी ऐकवलंही, "तुझ्या आईची नजर आता अधू झाली गं."

"आई पण तुमच्याबद्दल हेच म्हणते," अश्लेषा म्हणाली.

हे असं बरेच दिवस चाललं. औषधाचा शाम्पू झाला, पुन्हा उवा झाल्या. शेवटी शाळेतून बाईंचा फोन आला, डोकं साफ झाल्याशिवाय मुलीला पाठवू नका. अश्लेषा संध्याकाळी पोरीला घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. भार्गवीचे कमरेपर्यंतचे केस गेले होते. मान उघडी, कान उघडे. दोघींच्या भांडणात पार्लरवालीचा लाभ झाला.

"दोन-दोन आज्या असून ही वेळ," अश्लेषा म्हणाली.

भार्गवी मात्र आरशासमोर मान हलवून खूश. "आता मला कोणाकडेच बसायला नको," ती म्हणाली आणि खेळायला पळाली. पाट दिवाणाखाली गेला. फणी तेवढी मी उशाशी ठेवली, का ते मलाही सांगता येणार नाही.

आठवडाभरात माझं डोकं खाजायला लागलं. इतके दिवस पोरीला कुशीत घेऊन बसले होते, दुसरं काय होणार? सुनेला कोणत्या तोंडाने सांगू?

एका दुपारी माझा मुलगा अनिकेत आणि अश्लेषा कामावर असताना विहीणबाई आल्या. नात शाळेत असते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे आल्या माझ्याकडेच. चहा घेताना त्यांचा हात सारखा पदराखाली जात होता. माझाही थांबेना. दोघींनी एकदमच एकमेकींकडे बघितलं.

"तुम्हाला पण?" त्या म्हणाल्या. पर्समधून त्यांनी फणी काढली. घरून घेऊनच आल्या होत्या.

"बसा, पहिले तुमच्या काढते," असं म्हणत त्यांनीच दिवाणाखालून पाट ओढला. मी बसले. त्यांनी माझा अंबाडा सोडला.

"एक सांगू का, विहीणबाई? राग नका मानू. मी पोरीच्या जूं पुऱ्या नव्हते काढत. कानामागे जानबूझकर सोडत होते. नाही तर पुढच्या संडेला ती कशाला येणार होती?"

बोलायला माझ्याकडे वेगळं होतंच काय?

त्यांची फणी चालू लागली. केस ओढले गेले नाहीत, कातडीला दात लागला नाही. बोटं अशी फिरत होती की जणू डोकं त्यांचंच आहे. माझे डोळे मिटायला लागले. भार्गवी खोटं बोलत नव्हती. इतक्या दिवसांत विहीणबाईंवर मी जेवढी जळले नव्हते, तेवढी त्या पाटावर जळले.

"झोप येते का?" त्यांनी विचारलं.

"छे."

थोड्या वेळाने त्यांनी फणी पंच्यावर झटकली. "झालं. एकदम साफ."

मी उठले नाही.

"कानामागे बघा," मी म्हटलं. "राहिल्या असतील."

"नाही राहिल्या."

"बघा तरी."