रेमुसच्या नडगीवरचा पट्टा

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. मित्रांनो, बुखारेस्टच्या या फुटबॉल शाळेत तुम्ही रोज येता. काचेला नाक लावून घटकाभर माझ्याकडे बघता आणि पुढच्या कपाटातल्या चषकांकडे पळता. त्यात तुमची चूक नाही. चषक चकाकतात. मी काळा आहे, घामाने कडक झालो आहे, आणि माझे दोन तुकडे आहेत. शेजारी पडलाय तो उजव्या पायाचा. मी डाव्या पायाचा. आमच्याखाली एक पितळी पाटी आहे. ती वाचून तुम्हाला माझ्याबद्दल काहीच कळणार नाही, म्हणून मीच सांगतो.

मी जन्मलो बैलाच्या कातड्यातून आणि वाढलो जमिनीखाली. जिउ नदीच्या खोऱ्यात पेत्रिला नावाचे गाव आहे. तिथल्या कोळशाच्या खाणीत सिमियोन बोलोव्हान काम करायचा. मी त्याच्या कमरेला असे. डोक्यावरच्या दिव्याची जड बॅटरी माझ्यावर लटकायची. बोलोव्हान म्हणजे आमच्याकडे धोंडा. सिमियोन होताही तसाच, बोलायचा कमी आणि हलायचाही कमी.

एकदा बोगद्याचे छत ढासळले. सिमियोनचा शेजारी ग्लिगोर क्रिस्तेया कमरेपर्यंत दगडांत गाडला गेला. सिमियोनने मला सोडले, ग्लिगोरच्या काखेतून घेतले आणि दोन्ही टोके धरून ओढत राहिला. मी ताणलो, करकरलो, पण तुटलो नाही. ग्लिगोर जिवंत बाहेर आला. पुढे कित्येक वर्षे, थोडी त्सुइका, म्हणजे आमच्याकडची आलुबुखाराची दारू, पोटात गेली की तो आमच्या घरी यायचा आणि मला घोड्यासारखा थोपटायचा. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मग खाण बंद झाली. माणसे इमारतीच्या पायऱ्यांवर बसून राहू लागली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकलो. सिमियोनचा मुलगा रेमुस तेव्हा दिवसभर फुटबॉल खेळायचा आणि संध्याकाळी नडग्या फोडून घरी यायचा. एके दिवशी सिमियोनने त्या रक्ताळलेल्या नडग्या बघितल्या, मला खिळ्यावरून काढले आणि सुरी घेतली.

"अहो, पट्टा कशाला कापताय?" त्याची बायको लेनुत्सा म्हणाली. "उद्या खाणीवर परत बोलावलं तर?"

"कोण बोलावतंय, लेनुत्सा? खाली पाणी भरलंय."

त्याने माझे तुकडे केले. लेनुत्साने जुन्या लोकरी बुटांचा जाड नमदा आतून शिवला आणि बांधायला नाड्या लावल्या. दुखले का, असे विचाराल तर हो, दुखले. पण दुसऱ्या दिवशी मोज्याच्या आत, त्या पोराच्या गरम नडगीवर बसून मी पहिल्यांदा गवत पाहिले. इतकी वर्षे जमिनीखाली काढल्यावर ते काय असते, हे तुम्हाला कसे सांगू?

रेमुस बचावपटू झाला. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. बचावपटूचे काम म्हणजे काही घडू न देणे, आणि जे घडलेच नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार? पण गोलरक्षकाला ते कळते. रेमुसचा गोलरक्षक होता त्रायान, त्याच ग्लिगोरचा मुलगा. दोघे एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर वाढले. त्यांचा एक नियम होता. उंच चेंडू आला आणि मागून त्रायानने "माझा" अशी हाक दिली, की रेमुस मान खाली घालून बाजूला व्हायचा. मागे वळूनसुद्धा बघायचा नाही. खेळात यापेक्षा मोठा विश्वास मी पाहिला नाही.

पुढे दोघांनाही सायप्रसच्या लिमासोल शहरातल्या एका क्लबने बोलावले. तिथे कोळसा नव्हता, बर्फ नव्हता. समुद्र होता, आणि जीव नकोसा करणारे ऊन होते. नव्या सामानात रेमुसला प्लास्टिकची हलकी कवचे मिळाली. सगळे जण मला हसले.

"पेत्रा, हे काय बांधलंयस? गाढवाचं खोगीर का?" तिथला एक खेळाडू म्हणाला. तिथल्या लोकांनी त्याच्या आडनावाचा अर्थ विचारून त्याला आपल्या भाषेत 'पेत्रा' केले होते, म्हणजे पुन्हा दगडच.

"बापाचा पट्टा आहे," रेमुस म्हणाला. "तू लाथ मारून बघ, मग सांग."

त्याने मारली, आणि आठवडाभर लंगडला. त्यानंतर कुणी हसले नाही.

ती वर्षे सोन्यासारखी होती. किनाऱ्यावरचा टपरीवाला रेमुसला बघताच हलूमी चीजचा तुकडा तव्यावर टाकायचा. रेमुस आणि त्याची बायको अंका यांना इलिंका ही मुलगी झाली, तेव्हा त्रायान तिचा धर्मपिता झाला. पेत्रिलाच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून वर काढलेले ते ओले बाळ त्यानेच हातांवर झेलले. त्या दिवसापासून दोघे एकमेकांचे कुमात्रू झाले आणि हाक मारताना 'कुमात्रे' म्हणू लागले. आमच्याकडे हे नाते सख्ख्या भावाहून वरचे. भाऊ नशिबाने मिळतो, कुमात्रू आपण निवडतो.

आता त्या सामन्याविषयी सांगतो.

हंगामाचा शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी आमचा क्लब वरच्या विभागात टिकणार होता. खेळ संपत आला होता, ऊन कलले होते आणि गुणफलकावरची बरोबरी अजून शाबूत होती. तेवढ्यात समोरून एक लांब, उंच चेंडू आला. रेमुस त्याच्याखाली उभा होता. डोक्याने तो सहज परतवला असता. त्याने उडी घेण्यासाठी गुडघे वाकवले, आणि मागून हाक आली.

"माझा."

मी ती ऐकली. रेमुसने ऐकली. त्याने मान खाली घातली आणि बाजूला झाला, लहानपणापासून होत आला तसाच. चेंडू जमिनीवर आपटला. मागून कुणीच आले नाही. त्रायान आपल्या रेषेवर डोळ्यांवर हात धरून उभा होता. समोरच्या खेळाडूने चालत येऊन चेंडू जाळ्यात ढकलला.

क्लब खालच्या विभागात गेला. कपडे बदलायच्या खोलीत अध्यक्ष लोइझू आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून भीती जास्त वाटली.

"तू चेंडू का सोडलास?"

"त्रायाननं हाक दिली," रेमुस म्हणाला.

लोइझू त्रायानकडे वळले. "दिली होतीस?"

त्रायान हातमोज्याची पट्टी सोडत होता. ती सुटली, तरी तो सोडतच राहिला. रेमुस त्याच्याकडे शांतपणे बघत होता. त्याला काळजीच नव्हती. कुमात्रू बोलेल आणि विषय संपेल, एवढेच त्याच्या चेहऱ्यावर होते.

"नाही," त्रायान म्हणाला. "मी काही बोललो नाही."

रेमुसने खाली वाकून माझ्या नाड्यांच्या गाठी आणखी आवळल्या. सामना संपल्यावर त्या तो कधी आवळत नसे. मी बोलू शकलो असतो तर त्या क्षणी बोललो असतो. मीच त्या त्रायानच्या बापाला दगडांतून ओढून काढले होते.

पेत्राने सामना विकला, असे लिमासोलमध्ये दोन दिवसांत सगळीकडे झाले. चौकशी बसली. रेमुसने तीच गोष्ट सांगितली आणि त्रायानने तेच एक 'नाही' सांगितले. पुरावा काही सापडला नाही, पण कुठल्याच क्लबने रेमुसला पुन्हा घेतले नाही. टपरीवाला त्याला बघून तवा पुसायला लागला. त्रायान मात्र तुर्कस्तानच्या मोठ्या क्लबकडे गेला.

आम्ही पेत्रिलाला परतलो. सिमियोनने मुलाला एकदाच विचारले.

"हाक आली होती?"

"आली होती, बाबा."

"मग झालं तर."

पण गाव सिमियोनसारखे नव्हते. दारूच्या गुत्त्यात एक जण त्याला म्हणाला, "काय सिमियोनदादा, पोराचं नवं घर किती मजल्यांचं बांधताय?" सिमियोनने ग्लास खाली ठेवला आणि तो घरी आला. पुन्हा तिथे गेला नाही.

एका रविवारी म्हातारा ग्लिगोर बाटली घेऊन आला. दोघे स्वयंपाकघरात समोरासमोर बसले. मी दाराशी खिळ्याला होतो.

"सिमियोन, माझा पोरगा खोटं बोलत नाही," ग्लिगोर म्हणाला.

"माझाही बोलत नाही."

 ग्लिगोरने बाटली न उघडताच उचलली आणि तो गेला. जाताना त्याने मला थोपटले नाही.

रेमुस पावाची गाडी चालवू लागला. तो तक्रार करायचा नाही. पण हळूहळू त्याच्या आत काहीतरी कुरतडले जात होते. एक दिवस तो अंकाला म्हणाला, "मला कधीकधी वाटतं, हाक आलीच नसेल. मीच ऐकली असेन."

"असं कसं होईल?"

"तो माझा कुमात्रू आहे, अंका. तो का खोटं बोलेल?"

आणि तो खरोखर शेजारच्या शहरात जाऊन कान तपासून आला. कान उत्तम होते. डॉक्टरने तसे लिहून दिलेल्या कागदानेही त्याचे समाधान झाले नाही. मित्रांनो, दुसऱ्याने फसवले की माणूस चिडतो, रडतो आणि कधीतरी सावरतो. रेमुसचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला होता. त्याला सावरायला जागाच राहिली नव्हती.

सिमियोन वारला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्रायान आला. तोवर त्याने खेळ सोडून बुखारेस्टमध्ये ही शाळा काढली होती. अंगणात टेबले मांडली होती, लोक सर्माले, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, खात होते. त्रायान सरळ स्वयंपाकघरात आला. रेमुस बशा पुसत होता.

"कुमात्रे, मी हाक दिली होती."

रेमुस बशी पुसतच राहिला. "परत सांग."

"दिली होती. मग चेंडू उन्हात गेला, दिसेना. पाय उचललेच नाहीत."

"आणि नंतर?"

"नंतर लोइझूनं विचारलं. तुर्कस्तानचं बोलणं पक्कं होत आलं होतं. तोंडातून 'नाही' निघालं. एकदा निघालं की रोज तेच म्हणावं लागतं रे."

"मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो, त्रायान."

रेमुसने बशी खाली ठेवली.

"बाहेर सगळे बसलेत," रेमुस म्हणाला. "जा, सांग त्यांना."

"आज? काकांच्या जेवणात? बरं दिसेल का ते?" त्रायानची नजर माझ्यावर गेली. "असं करतो. हे पट्टे मला दे. शाळेत काचेत ठेवतो. खाली पाटी लावून सगळं लिहितो. बोललेलं लोक विसरतात, लिहिलेलं राहतं."

"लिहिशील?"

"इलिंकाची शपथ."

रेमुसने आम्हाला खिळ्यावरून काढले. अंगठ्याने माझ्यावरची धूळ पुसली आणि आम्हाला त्या माणसाच्या हातात दिले. माझ्या बाबतीतला दगा तो. ज्याच्यासाठी मी आयुष्यभर लाथा खाल्ल्या, त्यानेच मला दिले, आणि दिले तेही कुणाला? पण मला रेमुसचा राग धरता आला नाही. त्रायानची पुन्हा एक हाक आली होती आणि त्याने नेहमीसारखी मान खाली घातली होती. त्रायान बाहेर गेला, ग्लास उचलून, गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसे "देव त्यांना क्षमा करो" म्हणाला, जेवला आणि निघाला.

पाटी लागली. तिच्यावर लिहिले आहे: 'रेमुस बोलोव्हान, बचावपटू. त्रायान क्रिस्तेया यांचे बालमित्र. कुटुंबाकडून सप्रेम भेट.' बाकी काही नाही.

गेल्या शरदात इलिंका आली. ती आता इथे बुखारेस्टमध्ये शिकते. तिने पाटी वाचली, पुन्हा वाचली, कपाटाच्या मागे वाकून दुसरी पाटी आहे का तेही पाहिले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दालन रिकामे होते, म्हणून पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. रेमुसचाच होता.

"पोचलीस का गं? लिहिलंय ना त्यानं?"

इलिंकाने पाटीकडे पाहिले. "लिहिलंय, बाबा."

"काय लिहिलंय? वाचून दाखव बरं."

 ती पाटीवर नजर ठेवून सावकाश, वाचल्यासारखे बोलू लागली. "एक उंच चेंडू आला. गोलरक्षक त्रायान क्रिस्तेया यांनी 'माझा' अशी हाक दिली. रेमुस बोलोव्हान यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. चूक त्यांची नव्हती."



"चांगलं लिहिलंय," रेमुस म्हणाला. "त्याला सांग, बाबांनी बोलावलंय. म्हणावं, नाताळला सर्माले खायला ये."

फोन बंद करून ती वळली. त्रायान दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

"निरोप तुम्हाला आहे," इलिंका म्हणाली. "आणि खोटं मी बाबांसाठी बोलले. तुमच्यासाठी नाही."

ती त्याच्या बाजूने निघून गेली. त्रायानने काचेवर हात ठेवला, काढला, आणि तोही गेला. पाटी अजून तीच आहे.

मित्रांनो, मला तेल लावा असे मी म्हणत नाही. तुमच्या बापांनी तुमच्यासाठी कापलेल्या, शिवलेल्या वस्तू जपा, एवढे म्हणेन. आणि मैदानात तुमच्या एका हाकेवर जो पाठ फिरवून उभा राहतो, त्याला त्याहून जास्त जपा. हाक देऊन पोचता आले नाही, तर निदान हाक दिली होती एवढे सांगा. उद्या इथून जाताना थोडे थांबा. तुमच्याबरोबर कुणी लहान असेल आणि त्याला अजून वाचता येत नसेल, तर त्याला ही पाटी वाचून दाखवा. पण इलिंकाने वाचली तशी वाचा.